एक तास, एक फोटो

खरं सांगू? सेकंड इयरला दोन विषय राहिले आणि मी मेसलाही सगळ्यांच्या शेवटी जायला लागलो. एका रविवारी विंगमधल्या सिनियरने आम्हा पाच जणांना ओढतच पाणचक्कीवर नेलं. अट एकच : तासभर नुसतं बघायचं आणि मोबाईलवर एकच फोटो काढायचा. डिलीट करून दुसरा नाही!

पाऊण तास काही सुचेना. मग हौदाच्या काठावर वाकलेला नातू आणि त्याला धरणारे आजोबांचे हात दिसले. फोटो जरा हललाच.

रात्री रूमवर चहा करून एकेक फोटो पाहिला. चांगला-वाईट म्हणायचं नाही, फक्त काय दिसतं ते सांगायचं. माझा फोटो पाहून एक जण म्हणाला, "आजोबांनी किती घट्ट धरलंय बघ!" हे मला काढतानाही दिसलं नव्हतं.

मग सिनियरने रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. तरी गडी पुन्हा कामाला लागला! माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, पण मला कळलं.

विषय पुढे निघाले. रविवारचा चहा मात्र चालू आहे. या, पण फोटो एकच हं!