ही माशी सर्वत्र आढळते

माझे एम.ए. इतिहासात झाले. परंतु आमच्याकडच्या हायस्कुलात शिक्षकाने पदवी कशात घेतली आहे यापेक्षा वेळापत्रकात कुठला तास उघडा पडला आहे याला महत्त्व अधिक. १९९७ साली भूगोलाचे गुरुजी निवृत्त झाले आणि नववीचा भूगोल माझ्या गळ्यात पडला. रात्री कंदिलासारखा पिवळा जळणारा दिवा लावून वाचायचे आणि सकाळी तेच जन्मभर ठाऊक असल्याच्या थाटात वर्गात सांगायचे, असे ते वर्ष गेले.

आफ्रिका खंड चालू होता. फळ्यावर मी तीन वाक्ये लिहून दिली : ‘त्सेत्से माशीमुळे माणसांना निद्रारोग व जनावरांना नागाना हा रोग होतो. ही माशी आफ्रिकेत सर्वत्र आढळते. त्यामुळे तेथे गुरे पाळता येत नाहीत.’ चाळीस मुलांनी माना खाली घालून उतरून घेतले. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहिला.

“सर, गेल्या आठवड्यात मसाई लोक शिकवलासा. ते गुरंच पाळतात की. मग त्यांची गुरं मरत नाहीत काय?”

मी फळ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले. “परीक्षेत हे विचारत नाहीत. बस खाली,” म्हणालो. पुढे चाचणीत त्याने ‘सर्वत्र’ऐवजी ‘बऱ्याच ठिकाणी’ असे लिहिले. मी त्याचा अर्धा गुण कापला.

तो मुलगा मोठा होऊन साखर कारखान्याच्या शिक्षणाकडे वळला आणि टांझानियात एका कारखान्यावर केमिस्ट झाला. उसाच्या मुलखातल्या मुलाला तिकडे काम मिळते यात नवल नाही. २०२२ च्या दिवाळीत तो घरी भेटायला आला. पायावर डोके ठेवले, काजूचा पुडा दिला आणि पिशवीतून हातभर लांबीचे एक निळेभोर कापड काढले. निळ्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या शिवलेल्या.

“हे काय रे? शाळेच्या गणवेशाचं की काय?”

“त्सेत्से माशीचं, सर. असली कापडं औषधात बुडवून मळ्याच्या कडेला काठ्यांना ताणून लावतात. तिला निळा रंग दिसला की ती येते, काळ्यावर बसते आणि मरते. हे नवं आहे, औषध नाही लावलेलं. मुलांना दाखवायला आणलं.”

कापड मी हातात धरले आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा तो तास जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. मी त्याला आठवण करून दिली. त्याला काहीच आठवत नव्हते. “असेल सर,” म्हणून तो हसला आणि सौ.ने ठेवलेल्या चकलीकडे वळला. अर्धा गुण ज्याचा गेला तो विसरला होता; ज्याने कापला त्याच्या मात्र तो घशात अडकून राहिला होता. तेव्हापासून या माशीविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, इथे देतो.

प्रथम नाव. ‘त्सेत्से’ हा दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतला शब्द; त्याचा अर्थच माशी. म्हणजे आपण ‘त्सेत्से माशी’ म्हणतो तेव्हा ‘माशी माशी’ म्हणतो. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंच्या ‘नोणा’ला आम्ही ‘नोणा माशी’ म्हणावे, तसेच हे. शास्त्रज्ञांनी तिला दिलेले नाव ग्लॉसिना. कील येथील जर्मन डॉक्टर वीडेमान यांनी १८३० मध्ये ते दिले. ग्रीकमध्ये ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. या माशीची सोंड तोंडापुढे सरळ काढलेली असते त्यावरून. योगायोग असा, की त्याच वर्षी रोबिनो-देव्हॉइदी या फ्रेंच डॉक्टरांनीही अशाच एका माशीचे वर्णन केले, पण तिला दुसऱ्याच प्रजातीत टाकले. एकाच वर्षी, एकाच घराण्यातल्या माश्यांना दोन देशांत दोन आडनावे मिळाली. पुढे वीडेमान यांचे आडनाव टिकले आणि फ्रेंच डॉक्टरांचे ‘पाल्पालिस’ हे जातीचे नाव त्याला जोडले गेले.

ही ओळखावी कशी? बसली की पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटते, आणि पंखाच्या मधोमध शिरांनी आखलेला एक कप्पा बरोबर कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराचा असतो. रक्त नर आणि मादी दोघेही पितात. डासांसारखी नराला यात सूट नाही. आणि अंडी ही घालत नाही. पोटात एकच अळी वाढवते, तिला आतल्या आत दुधासारखा रस पाजते आणि नऊ-दहा दिवसांनी पूर्ण वाढलेली अळी सावलीतल्या मऊ मातीत सोडते. अळी लगेच मातीत शिरते, कोश करते, आणि महिनाभराने माशी बाहेर येते. जन्मभरात एका मादीची मुले आठ-दहा. घरमाशीच्या मानाने हे अगदीच आटोपशीर कुटुंब. पण यातच सगळी गोम आहे. इतक्या थोड्या पिलांवर ज्या जिवाचा वंश चालतो त्याला जागा निवडून घ्यावी लागते. माती उन्हाने तापली, सावली नाही, की कोश सुकून जातो. उंच पठारावरची थंडीही तिला सोसत नाही.

तेव्हा ‘सर्वत्र’ हे पहिले खोटे. सहाराच्या खालपासून दक्षिणेत झुलूलँडच्या किनाऱ्यापर्यंत हिचा मुलूख पसरलेला आहे खरा, पण नकाशावर तो सलग रंगवता येत नाही. तो ठिगळाठिगळांचा आहे. आणि ‘ही माशी’ हे दुसरे खोटे, कारण माशी एक नाहीच. ग्लॉसिनाच्या वीसहून अधिक जाती आहेत, उपजाती धरल्या तर तीसच्या आसपास. त्यांचे तीन गट करतात. एक दाट अरण्यात राहणारा. दुसरा नदीनाल्यांच्या आणि सरोवरांच्या काठच्या झाडीतला, हा पाल्पालिसचा गट. तिसरा विरळ झाडीच्या गवताळ रानातला, मॉर्सिटान्सचा. हे नाव वेस्टवूड यांनी एका इंग्रज शिकारी अधिकाऱ्याने आणलेल्या माश्यांवरून १८५० मध्ये ठेवले, अर्थ ‘चावरी’.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतला संथ, वर्षानुवर्षे माणसाला पोखरणारा निद्रारोग मुख्यतः पाणकाठच्या गटाकडून पसरतो. पूर्वेकडचा झटपट मारणारा प्रकार मुख्यतः गवताळ रानातल्या गटाकडून. माशी कोणती हे कळले नाही, तर झाडी नदीकाठची तोडायची की रानातली, हेही कळत नाही. १९०० च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या युगांडाकडच्या काठावर निद्रारोगाची साथ पेटली आणि पुढच्या वीस वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. १८९५ मध्ये झुलूलँडमध्ये आजारी गुरांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा हा सूक्ष्म जंतू ज्यांनी शोधला, ते डेव्हिड ब्रूस १९०३ मध्ये तिथे गेले आणि निद्रारोगही याच माश्या पसरवतात हे दाखवले. मग सरकारने सरोवराचा काठ आणि बेटे माणसांपासून रिकामी केली. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना घरे सोडून आत जावे लागले. (घर कुठे आहे हे दुसऱ्याने नकाशावर ठरवावे, याचा अर्थ आमच्या भागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.)

त्या साथीतल्या माशीला तेव्हा पाल्पालिस म्हणत. पुढे लिव्हरपूलचे न्यूस्टेड यांनी नराच्या जननेंद्रियांची बारीक ठेवण भिंगाखाली पाहून जाती वेगळ्या करायला सुरुवात केली. अंगोलातल्या हिऱ्यांच्या कंपनीच्या संग्रहालयात काम करणारे पोर्तुगीज प्राणिशास्त्रज्ञ बारुश मशादु यांनी १९५४ मध्ये साऱ्या पाल्पालिस गटाची फेरतपासणी केली. आज व्हिक्टोरियाकाठची ती माशी फुस्किपेस या वेगळ्या जातीत धरतात. दोन लाख माणसांना मारणारीचे बरोबर नाव ठरायला अर्धे शतक लागले!

पोर्तुगीजांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या प्रिन्सिप या बेटावर ही माशी मुळात नव्हती. मुख्य भूमीवरून आणलेल्या गुरांबरोबर ती आली. तिथल्या मळ्यांत मजुरांच्या पाठीवर चिकट लावलेली काळी फडकी बांधून माश्या पकडत. माणूस वाकून काम करी आणि पाठीवर माश्या चिकटत. डॉ. ब्रुतो द कॉश्ता यांच्या मोहिमेने १९१४ पर्यंत बेट निर्माशी केले. गोव्यातल्या वाचकांना हे आडनाव परके वाटणार नाही. १९५६ मध्ये माशी पुन्हा सापडली आणि पुन्हा घालवावी लागली. माझ्या टेबलावरच्या त्या निळ्या-काळ्या कापडाची आजी म्हणजे मजुराच्या पाठीवरचे ते काळे फडके.

आता मसाई. त्यांची मोकळी, उंचावरची गवताळ कुरणे या माशीला सोयीची नाहीत, सावली नाही. पण ती कुरणे मोकळी राहिली कशी? गुरे चरत, गवत वेळच्या वेळी जाळले जाई, म्हणून झुडूप वाढत नसे. म्हणजे माशी नव्हती म्हणून गुरे होती, आणि गुरे होती म्हणून माशी नव्हती. १८९० च्या सुमारास बुळकांडीची साथ आली आणि हे चाक उलटे फिरले. मसाईंची बहुतेक गुरे मेली, पाठोपाठ देवी आणि दुष्काळ. माणसे गेली, गवत जाळणारे कोणी उरले नाही, झुडपे माजली, रानटी जनावरे परतली आणि त्यांच्या मागून माशी आली. नंतर आलेल्या गोऱ्या अंमलदारांनी तिथे माशीचे रान पाहिले आणि ते अनादि आहे असे समजून नकाशावर तसे रंगवले. जॉन फोर्ड यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात हे सारे मांडले आहे. दक्षिणेत ट्रान्सवालमध्ये नेमके उलटे झाले : बुळकांडीने रानटी जनावरेच संपवली, तेव्हा उपासमारीने तिथली मॉर्सिटान्स नाहीशी झाली ती परत आलीच नाही. शिवाय पश्चिम आफ्रिकेत एन्डामा नावाची लहान चणीची गुरे माशीच्या मुलखात राहूनही तग धरतात. म्हणजे माझे तिसरे वाक्यही गेले.

एवढे झाल्यावर माझ्यासारख्याच घाईने शिकणाऱ्या एका मोठ्या माणसाची गोष्ट वाचून थोडे समाधान वाटले. आफ्रिकेतला रानरेडा या माशीला दाद देत नाही, तर हिंदुस्थानातली म्हैस देईल का, असा प्रश्न डेव्हिड लिव्हिंग्स्टनना पडला होता. १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून निघाले तेव्हा त्यांच्या शेवटच्या प्रवासाच्या लवाजम्यात मुंबईचे शिपाई होते, गुलामगिरीतून सुटून नाशिकच्या मिशनरी शाळेत शिकलेली आफ्रिकन मुले होती, आणि उंट, खेचरे, गाढवे यांच्याबरोबर तीन म्हशी आणि एक रेडकूही होते. रोव्हुमा नदीकाठी माश्या त्यांना चावल्या, त्याची नोंद त्यांनी ठेवली. पण शिपायांनी जनावरांवर भलती ओझी लादली, मारझोड केली, अंगावर जखमा केल्या. जनावरे मेली, माशीने मेली की माराने, हे ठरवता आले नाही. प्रयोग वाया गेला. आपल्याकडच्या म्हशी इतक्या दूर जाऊन मेल्या आणि उत्तरही निघाले नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

ही माशी आपल्याकडे नाही, हे मात्र मी तेव्हा बरोबर सांगितले होते. तरी पुढचे वाक्य, ‘म्हणून आपल्याला भीती नाही’, तेही तपासून पाहावे लागले. तिच्या जंतूचा चुलतभाऊ आपल्याकडे घोड्या-उंटांना ‘सर्रा’ देतो आणि तो साध्या चावऱ्या माश्यांतून पसरतो. तो माणसाला होत नाही असे समजत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला. औषधाने तो बरा झाला, आणि त्याच्या रक्तात, तुमच्या-माझ्या रक्तात असते ते एक संरक्षक प्रथिन नव्हते, असे निघाले.

आफ्रिकेतला निद्रारोग आता खूप हटला आहे. २०१८ पासून वर्षाला हजारांहूनही कमी रुग्णांची नोंद होते. झांझिबारच्या मुख्य बेटावरून तर १९९० च्या दशकात, गॅमा किरणांनी निर्बीज केलेले लाखो नर सोडून, ती माशीच नाहीशी केली. मी ‘सर्वत्र’ म्हणून सांगत होतो, त्याच वर्षी!

निळे कापड मी प्रयोगशाळेत टांगले. आठ दिवसांनी आमच्या शिपायाने त्याने काचेची कपाटे पुसली. आता ते धुऊन पुन्हा टांगले आहे.

परत जाण्याआधी तो मुलगा पुन्हा एकदा आला होता. मोबाइलवर फोटो दाखवत होता : लाल शुका पांघरलेला एक म्हातारा मसाई, मागे शे-दोनशे गुरे, आणि त्यांच्या मागे झाडीची काळसर रेघ.

“इथून पुढं ते गुरं नेत नाहीत, सर.”

“नेमकं कुठून?” मी चष्मा लावून विचारले.

त्याने बोट स्क्रीनवर ठेवले, जरा सरकवले, मग उचलले. “ते त्यांनाच विचारायला पाहिजे, सर,” तो म्हणाला.