गुमताऱ्याची वाट आणि ईर्यासमिती

भिवंडीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे यंत्रमाग, गोदामे आणि माल भरण्यासाठी रांगेत थांबलेले ट्रक उभे राहतात. सकाळी पेढीवर बसलेला व्यापारी रात्रीच उठतो. गादीपासून गोदामापर्यंत, एवढेच त्याचे दिवसाचे चालणे. परंतु याच शहरातून वाड्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की दुगाडचा फाटा येतो आणि गावामागे गुमताऱ्याचा डोंगर दिसू लागतो.

उंचीने हा किल्ला दोन हजार फुटांच्या आतलाच. तरी चढ दमवणारा आहे. पायथ्याच्या सागाच्या रानात ढोरवाटा एकमेकींत मिसळतात आणि नवखा माणूस हमखास चुकतो. म्हणून गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. वाट सापडते आणि त्या घरी चार पैसेही पोहोचतात. माथ्यावर तटाचे व दरवाजाचे अवशेष आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. हवा स्वच्छ असेल तर खाली वज्रेश्वरी-गणेशपुरीचा परिसर आणि दूरवर माहुलीचे सुळके दिसतात. डिसेंबर 1780 मध्ये वसईचा वेढा उठवू पाहणारे मराठी सेनानी रामचंद्र गणेश कानडे याच दुगाडच्या परिसरात इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले.

गुमताऱ्याच्या पश्चिमेस तुंगारेश्वरची रांग पसरली आहे. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे रान 2003 मध्ये अभयारण्य झाले. दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येकडील तानसा अभयारण्य यांना जोडणारा तो दुवा आहे. बिबट्यासारख्या प्राण्याला एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यास असाच हिरवा पट्टा लागतो. एका बाजूस गोदामे आणि दुसऱ्या बाजूस महामार्ग वाढत असताना या पट्ट्याचे मोल अधिकच जाणवते.

अलीकडे मुंबई-ठाण्याभोवतीच्या डोंगरवाटांवर चालणाऱ्यांबरोबर धावणारेही दिसू लागले आहेत. व्यापारी घरांतील तरुणही त्यांत असतात. बैठ्या जीवनाला हा उत्तम उतारा होय. मात्र जैन घरातील मुलगा रानात धावू लागला की एक प्रश्न उभा राहतो: पायाखालच्या जिवांचे काय?

साधू-साध्वींच्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. पुढची साडेतीन-चार हात भूमी न्याहाळत, जीव चुकवत पाऊल टाकायचे, असा तिचा अर्थ. डोंगरात धावणाऱ्यालाही हेच शिकवतात, की दूरचा देखावा पाहू नको, पुढच्या काही पावलांची जमीन पाहा, पाऊल आखूड टाक. त्याचा हेतू पाय मुरगळू नये हा असतो, साधूचा हेतू मुंगी चिरडू नये हा. डोळे मात्र दोघांचेही भूमीवरच असतात. धावण्यात जीवरक्षा पूर्णपणे साधत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणून श्रावकाने मळलेली वाट सोडू नये, पानांच्या थरावर धावू नये, आणि जिथे नजर ठरत नाही तिथे चालावे.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न ऋतूचा आहे. सह्याद्रीत गर्दी उसळते ती आषाढ-श्रावणात, धबधब्यांसाठी. नेमक्या त्याच काळात आपले साधू-साध्वी विहार थांबवून चातुर्मासासाठी एका ठिकाणी राहतात, कारण भूमी तेव्हा जिवांनी भरलेली असते. शत्रुंजयाची यात्राही चातुर्मासात बंद राहते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. शेवाळलेल्या खडकांवर आणि पुराच्या ओढ्यांत दरवर्षी माणसे जीव गमावतात, प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. परंपरेने जिवांसाठी घातलेला नियम इथे माणसाचाही जीव राखतो. तेव्हा गुमताऱ्याची वाटही कार्तिकी पौर्णिमेनंतरच धरावी. फाल्गुनापर्यंत हवा सुखद असते आणि शेवटी शेवटी पळस-काटेसावर फुलतात.

बाकीचे नियम घरचेच आहेत. उकळलेले पाणी आणि खाकरा सोबत असावा; त्याची पिशवी मात्र परत यावी. टाक्यात हातपाय धुऊ नयेत; पाण्यालाही जीव मानणाऱ्यांना हे सांगावे लागू नये. वाळल्या रानात ठिणगी पडू देऊ नये. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाला सूर्यास्तापूर्वी रान सोडणेही अवघड नाही. त्यानंतरचे रान बिबट्याचे असते.

शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या अनवाणी चढणाऱ्या आजी-आजोबांच्या नातवंडांना डोंगर नवा नाही. यात्रेत ते जी यतना पाळतात, तीच दुगाडच्या रानातही पाळली, तर शरीराला व्यायाम घडेल आणि पायाखालच्या जिवांना अभय मिळेल.