चार डॉलरांची पंगत

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला विमानाच्या भाड्याचे तितके दुःख होत नाही, जितके तेथल्या जेवणाच्या बिलाचे होते. भाडे एकदा भरले की विसरता येते. भूक दिवसातून तीनदा लागते. सिंगापूरचा डॉलर तेव्हा ६०-७० रुपयांच्या घरातला होता. आमची सौ. प्रत्येक घासाला त्याने गुणी. पहिले दोन दिवस ती “मला भूक नाही” म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी महिनाअखेरीस पुष्कळदा ऐकलेले आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही बफेलो रोडवरच्या टेक्का सेंटरमध्ये शिरलो. ‘हॉकर सेंटर’ म्हणजे छपराखाली आणलेली खाऊगल्लीच! पूर्वी तेथलेही विक्रेते रस्त्याच्या कडेलाच चुली मांडीत. सरकारने १९७१ ते १९८६ या काळात त्यांच्यासाठी अशी केंद्रे बांधली, नळ दिले, गाळे दिले. आज ती शंभरावर आहेत आणि २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची अमूर्त वारशात नोंद केली. आपल्याकडे पालिकेची गाडी दिसताच भेळवाल्याची जी पळापळ होते ती आठवली, आणि खरे सांगतो, हेवा वाटला.

प्राटा हा आपल्या पराठ्याचा तिकडे स्थायिक झालेला भाऊ. कारागीर पिठाचा गोळा हवेत फेकून फेकून उपरण्यासारखा पातळ करतो. दीड-दोन डॉलरात एक. सोबतची आमटी मात्र विचारून घ्यावी. माशाची असण्याचा संभव. शाकाहाऱ्यांनी चिनी शाकाहारी गाळा शोधावा. भातावर हव्या त्या भाज्या बोटाने दाखवायच्या. चार-पाच डॉलरांत पोट भरते, भाषेची गरजच नाही. पाणीही विकत घेऊ नये, नळाचे बेलाशक प्यावे.

रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाची पुडी दिसली तर तेथे बसू नये; ती कोणाची तरी राखीव जागा असते. अशा जागा धरण्याला तेथे ‘चोप’ म्हणतात. आपल्याकडे चोपाने जागा रिकामी होते! जेवण झाल्यावर ताट आपणच उचलून ठेवावयाचे. २०२१ पासून तो कायदाच आहे. प्रथम ताकीद, मग दंड.

चहाचे व्याकरण तेवढे पाठ करावे लागते. नुसते ‘ते’ म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचा चहा, ‘ते ओ’ म्हणजे बिनदुधाचा, आणि पुढे ‘कोसोंग’ जोडले की साखरही गेली. मधुमेह्याला हा शब्द देवासारखा.

पाचव्या दिवशी मी टेबल धरून बसलो आणि सौ. एकटीच गाळ्याकडे गेली. रांगेतून तिचा खणखणीत आवाज आला, “ते ओ कोसोंग, वन! ते, वन!” दोन्ही पेले घेऊन ती परतली.

“अहो, हा तुमचा बिनसाखरेचा,” ती म्हणाली. “आणि उठू नका इतक्यात. मी माझ्यासाठी आणखी एक प्राटा सांगून आले आहे.”