प्वेब्लात, कातारिनाच्या शोधात

मेक्सिकोमधील प्वेब्ला हे शहर देवदूतांनी आखले, अशी आख्यायिका आहे. बिशप हुलिआन गार्सेस यांच्या स्वप्नात देवदूत आले, त्यांनी माळरानावर दोऱ्या धरून रस्त्यांच्या रेषा मारल्या आणि जाग आल्यावर बिशपांनी ती जागा शोधून काढली. मेक्सिको सिटी आणि वेराक्रूसचे बंदर यांच्या वाटेवर, स्पॅनिश वसाहतकारांसाठी इ. स. १५३१ मध्ये मुद्दाम वसवलेले हे गाव. त्याचे जुने नावही 'देवदूतांचे प्वेब्ला' असेच होते. जुन्या भागातले रस्ते अजून दोरीत आहेत. उभे आणि आडवे, एकमेकांना काटकोनात छेदणारे आणि बहुतांशी क्रमांकांनीच ओळखले जाणारे. नवख्या माणसाला येथे वाट चुकणे अवघड. मात्र आख्यायिकेत ज्यांची नोंद नाही अशी माणसेही या रेषांमागे आहेत. चोलुला, त्लास्काला, वेहोत्सिंगो अशा आसपासच्या गावांतून राबायला आणलेल्या मूळ रहिवाशांनी हे शहर बांधले. दोरी देवदूतांची आणि दगड उचलणारे हात मात्र निनावी, ही वाटणी आपल्यालाही अपरिचित नाही.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे एका मोटारकारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षांपासून प्वेब्लात राहतात. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले होते आणि १ व २ नोव्हेंबर हे मेक्सिकोत मृतांचे दिवस. आपल्याकडे पितृपक्ष आणि दिवाळी यांच्यात सुमारे महिन्याचे अंतर असते, म्हणून शोक आणि उत्सव यांची गाठ पडत नाही. तिथे पितर आणि सण एकाच दाराने आत येत होते. घरोघरी, दुकानांतून, कचेऱ्यांतून गेलेल्या माणसांच्या तसबिरी मांडलेल्या, पुढे त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि सगळीकडे झेंडू. आपण ज्याच्याशिवाय दसऱ्याचे तोरण कल्पू शकत नाही, ते फूल मूळचे मेक्सिकोचेच. वसाहतकाळातल्या जहाजांनी ते आपल्याकडे आणले. बहिणीच्या दारात पणत्या लावताना शेजारच्या बाईंनी तिला विचारले की या कुणाच्या आठवणीसाठी. बहीण हसली आणि मला म्हणाली, "ताई, आता काय सांगू? लक्ष्मी जिवंत आहे म्हणून सांगू?"

शहर पाहण्यासारखे आहे, ते कुणीही दाखवील. मध्यवर्ती चौक, त्याच्या एका अंगाला १५७५ मध्ये पाया घातलेले आणि १६४९ मध्ये विधिवत समर्पित झालेले करड्या दगडाचे कॅथीड्रल, सान्तो दोमिंगोच्या देवळातले १६९० मध्ये पूर्ण झालेले रोझरीचे गर्भागृह. त्या गर्भागृहात छतापासून भिंतीपर्यंत सोन्याचा मुलामा दिलेल्या गचकामाची इतकी दाटी आहे की डोळा टेकायला रिकामी जागा सापडत नाही. मला अधिक ओढून घेतले ते घरांच्या दर्शनी भिंतींवरल्या निळ्या-पांढऱ्या फरशांनी. तालावेरा म्हणतात त्या मातकामाला. कला स्पेनहून आली, पण सतराव्या शतकात येथल्या कारागिरांपुढे नमुना होता चिनी पोर्सेलीनचा. मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या गलबतांनी तो आणला होता. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे ही गलबते पॅसिफिक ओलांडत राहिली. येताना रेशीम, मसाले, चिनी भांडी. जाताना मेक्सिकोची चांदी. आणि येताना माणसेही. विकत घेतलेली.

त्या माणसांपैकी एक मुलगी हिंदुस्थानातली होती. मी प्वेब्लाला जाण्याआधी तिच्याविषयी थोडे वाचले होते आणि खरे तर तिच्यासाठीच शहर पायी हिंडत होते.

ती जन्मली सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मुघलांच्या मुलखात कुठेतरी. चरित्रकार तिचे मूळ नाव 'मिर्रा' असे देतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ गंधरस. आपल्या कानाला मात्र तिथे लगेच 'मीरा' ऐकू येते. नाव खरोखर काय होते हे कोणताही कागद सांगत नाही. ज्यांनी ते लिहून ठेवले त्यांना तिची भाषा येत नव्हती. पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले. कोचीनला तिचा बाप्तिस्मा होऊन ती 'कातारिना दे सान हुआन' झाली. मग मनिलाचा गुलामांचा बाजार, मग काही महिन्यांचा समुद्र आणि १६२० च्या आसपास आकापुल्कोचा किनारा. वय बारा-तेरा असावे. प्वेब्लाच्या मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाच्या घरी ती आली. १६२४ मध्ये तो वारला, मृत्युपत्राने ती गुलामीतून सुटली. पुढे एका धर्मगुरूच्या घरी काम, त्याच्याच एका आशियाई गुलामाशी लग्न आणि त्या लग्नातही व्रतस्थ राहण्याचा हट्ट. नंतरची दीर्घ वर्षे प्रार्थना, उपास आणि साक्षात्कार यांत गेली. ५ जानेवारी १६८८ रोजी ती गेली, तेव्हा लोटलेल्या गर्दीने पवित्र अवशेष म्हणून तिच्या वस्त्रांचे तुकडे नेले.

तिला पुरले ते जेसुइटांच्या ला कोम्पान्या या देवळात. देवळाची आजची वास्तू १७६७ मध्ये समर्पित झालेली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने. आणि त्याच वर्षी जेसुइटांनाच स्पॅनिश साम्राज्यातून हद्दपार केले गेले. पुढच्या भागावरले चुन्यातले कोरीवकाम दुपारच्या उन्हात लोण्यासारखे दिसत होते. आत मोजकी माणसे. एक म्हातारी बाई बाकावर बसून पुटपुटत होती. तिचे शब्द मला कळत नव्हते, आणि प्रार्थनेच्या लयीमुळे ते कळल्यासारखेही वाटत होते. मला वाटले, कोवळ्या वयातली कातारिना या शहरात हेच ऐकत बसली असेल. आधी लय, मग फार सावकाश अर्थ.

शहराने तिला विसरले असे मात्र म्हणता येत नाही. झाले आहे ते अधिक विचित्र आहे. आशियातून आलेल्या सर्वांनाच स्पॅनिश लोक 'चिनो' म्हणत, मग तो बंगालचा असो की फिलिपीन्सचा. म्हणून कातारिना झाली 'चिना पोब्लाना', प्वेब्लाची चिनी बाई. एकोणिसाव्या शतकात हेच नाव मेक्सिकोतल्या सामान्य स्त्रियांच्या एका झगमगीत पेहरावाला होते. भरतकाम केलेली पांढरी चोळी, टिकल्यांनी मढवलेला लाल घागरा, खांद्यावर शाल. नाव एक, म्हणून पुढे स्थानिक इतिहासकारांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या आणि तो पेहराव हिंदी राजकन्येने आणला अशी कथा रूढ झाली. आज तो राष्ट्रीय पोशाखासारखा मिरवतो, शहरात चिना पोब्लानाच्या पुतळ्याचे कारंजे आहे, दुकानांत तिच्या बाहुल्या मिळतात. समकालीन वर्णनांतली कातारिना मात्र जाडेभरडे, साधे वस्त्र नेसणारी आहे. जिने आयुष्यभर नटणे टाळले तिची आठवण शहराने टिकल्यांच्या घागऱ्यात जपून ठेवली आहे.

मग तिचे स्वतःचे काय उरले? मी मराठी शिकवते. स्त्रियांची आत्मकथने हा माझ्या एम.ए.च्या वर्गाचा दरवर्षीचा विषय. त्यामुळे हा प्रश्न मला पर्यटकाच्या कुतूहलापेक्षा जवळचा होता.

कातारिना निरक्षर होती. तिचे आयुष्य लिहिले ते तिच्या भोवतीच्या पुरुषांनी. अंत्यविधीचे प्रवचन छापले गेले. आलोन्सो रामोस या तिच्या जेसुइट पापनिवेदकाने १६८९ ते १६९२ या काळात तीन खंडांचे अवाढव्य चरित्र प्रसिद्ध केले. (आपल्या इतिहासात १६८९ हे संभाजीराजांच्या वधाचे साल.) त्यात ती साक्षात्कारात समुद्र ओलांडते, आशियातल्या दूरच्या मिशनांना भेटी देते. ज्या वाटेने तिला बांधून आणले, त्याच वाटेने ती मनाने परत जाते. हे चरित्र धर्मसत्तेला पेलले नाही. १६९१ मध्ये तिच्या तसबिरी बाळगण्यावर बंदी आली, आणि १६९६ मध्ये मेक्सिकोच्या इन्क्विझिशनने रामोसचे पुस्तक निषिद्ध ठरवले.

कॅथीड्रलच्या पाठीमागे, ५ ओरिएन्ते या रस्त्यावर, पालाफोशियाना ग्रंथालय आहे. बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये आपली पाच हजार पुस्तके दान देऊन ते सुरू केले. आजचे दालन १७७३ चे. कोरीव लाकडी कपाटांचे एकावर एक तीन थर आणि त्यांत सुमारे पंचेचाळीस हजार ग्रंथ. लॅटिन, ग्रीक, हिब्रू. कातारिना या शहरात राहत असतानाच हा संग्रह उभा राहिला. तिच्या रोजच्या वाटेपासून तो हाकेच्या अंतरावर असेल. त्या भिंतीएवढ्या ज्ञानासमोर उभी असताना मला सोर हुआना आठवत होती. मेक्सिको सिटीच्या मठातली ही विदुषी कवयित्री कातारिनाची समकालीन. १६९० मध्ये प्वेब्लाचे बिशप फेर्नान्देस दे सान्ता क्रूस यांनी तिचे लेखन छापले आणि सोबत, 'सोर फिलोतेआ' असे एका जोगिणीचे नाव घेऊन, तिला ऐहिक विद्येऐवजी धर्मग्रंथांकडे वळण्याचा उपदेश केला. पुढच्याच वर्षी सोर हुआनाने त्याला दिलेले उत्तर हे स्त्रीच्या विद्याधिकाराचे थोर निवेदन मानले जाते. एका स्त्रीला गप्प करण्यासाठी बिशपाला स्त्रीचे नाव घ्यावे लागले. कातारिनाच्या बाबतीत तेवढीही गरज पडली नाही. तिच्या वतीने बोलायला सगळे मोकळे होते.

आणि याच दशकांत आपल्याकडे संत बहिणाबाई होत्या. जन्म १६२८, मृत्यू १७००. तुकोबांची शिष्या. नवऱ्याचा मार, घरातला छळ, जिवाची घालमेल हे सगळे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत, अभंगांतून सांगितले. एवढेच नाही, तर आपले मागचे जन्मही सांगितले. बहिणाबाईंचे दुःख कमी होते असे कोण म्हणेल? पण सांगण्यासाठी त्यांच्याजवळ भाषा होती, ऐकणारे ती भाषा बोलणारे होते, आणि ओवी-अभंगांची तयार वाट पायाखाली होती. बहिणाबाईंना तेरा जन्म सांगता आले. कातारिनाला एकही नाही. दोघींमधला फरक श्रद्धेचा नव्हे, सोसण्याचा तर नव्हेच. तो सभोवतालच्या भाषेचा आहे. आत्मकथन ही एकट्याने करायची गोष्ट आहे असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. प्वेब्लात कळते की त्याला एक संपूर्ण समाज लागतो, तुमचे शब्द ओळखणारा.

तरीही काहीतरी उरले आहे. होसे देल कास्तियो ग्राहेदा या दुसऱ्या चरित्रकाराने १६९२ मध्ये तिचे छोटेखानी चरित्र लिहिले. त्यात त्याने तिचे बोलणे तिच्या तुटक, मोडक्या स्पॅनिशमध्ये जसेच्या तसे दिले आहे आणि नंतर वाचकासाठी त्याचा नीटनेटका अर्थ सांगितला आहे. जवळजवळ सात दशके त्या देशात काढूनही तिचे स्पॅनिश तुटकच राहिले. अभ्यासकांच्या लेखनात याविषयी वाचले होते, पण त्याचे मोल मला बहिणीच्या घरी उमगले.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना तो येथे आला. शाळा, मित्र, भांडणे, स्वप्ने सगळे स्पॅनिशमध्ये. बाजारात तोच आमचा दुभाषा. एकदा शहर हिंडून पाय दुखायला लागले तेव्हा तो मला म्हणाला, "मावशी, माझ्याकडे भूक आहे." दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीविषयी सांगताना, "तिच्याकडे दहा वर्षं आहेत." स्पॅनिशमध्ये भूक आणि वय या गोष्टी माणसाला 'असतात', माणूस त्या बाळगतो. पोराच्या मराठीखाली ते व्याकरण खडकासारखे टेकलेले होते. बहीण त्याला दर वेळी सुधारते, आणि तिचा चेहरा उतरतो. मला मात्र त्या वाक्यांतून तो कुठून कुठे आला आहे, ते नकाशासारखे दिसत होते.

कातारिनाची मोडकी वाक्ये अशीच ऐकली पाहिजेत असे मला वाटते. रामोसच्या शेकडो पानांतली सजवलेली, शुद्ध, ओघवती कातारिना ही रामोसची आहे. ती जिथे अडखळते, जिथे स्पॅनिश वाक्य तिच्या तोंडात वाकडे होते, तिथे त्याला वाकवणारे काहीतरी खाली आहे. लहानपणी कधीतरी, गंगायमुनेच्या मुलखात, कुणीतरी तिच्याशी बोललेली भाषा. ग्राहेदाने ती वाक्ये दिली ती तिच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून, पण त्याने न कळत तिचे हस्ताक्षर जपले. जिला लिहिता येत नव्हते तिची सही म्हणजे तिच्या चुका.

देवदूतांनी आखलेल्या सरळ रस्त्यांच्या या शहरात तिची समाधी, कारंजे आणि बाहुल्या सहज सापडतात. ती स्वतः सापडते ती फक्त त्या वाकड्या ओळींत.