माहेरचे नाव

द्राक्षाच्या वेलीलाही माहेर असते, हे मला अलीकडेच कळले. वारुणीशी माझा संबंध वैद्यांनी दिलेल्या द्राक्षासवापलीकडे कधी गेला नाही. मराठीच्या प्राध्यापकाला ते शोभलेही नसते! पण नावांचा नाद जुना. त्या नादापायी वाइनच्या द्राक्षांची कुळे चाळताना कार्मेनेर नावाच्या जातीची हकीकत हाती लागली, आणि ती काही केल्या मनातून जाईना.

कार्मेनेरचे माहेर फ्रान्समधले बोर्दो. १८६० नंतर मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने तिथले मळेच्या मळे उजाड केले. पुढे अमेरिकन वेलींच्या चिवट खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले; पण या नव्या लावणीत कार्मेनेरला फारसे कुणी विचारले नाही. ती संपलीच, असे लोक धरून चालले.

खरे म्हणजे कीड येण्याआधीच ती समुद्र ओलांडून चिलीला पोहोचली होती. तिथे ती 'मेर्लो' या दुसऱ्याच जातीच्या नावाने नांदू लागली. कार्मेनेर पिकते मेर्लोच्या मागून, काही आठवड्यांनी. पण नाव मेर्लोचे, म्हणून तोडणीही मेर्लोच्याच मुहूर्तावर! मग रसाला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येई. अखेर १९९४ साली झाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने तिला मळ्यात ओळखले. तिच्या वेळेला तिला पिकू दिले, तेव्हा तोच रस गोडावला. आज चिलीची वाइन म्हटले की कार्मेनेरचे नाव निघते.

हे वाचताना मला आई आठवली. लग्नात ताटातल्या तांदळांवर तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि जुने नाव मामांच्या तोंडी तेवढे उरले. सासरच्या घड्याळाशी तिचे कधी जुळले नाही. 'संथ आहे हो!' हा शेरा तिने जन्मभर ऐकला. साठी उलटल्यावर तिने माहेरी शिकलेली पेटी पुन्हा काढली. तिच्या बोटांत मात्र संथपणा नव्हता. मामा तर ऐकताना डोळे पुसत.

आपल्या नाशिकच्या मळ्यांत आज फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली शेनिन ब्लाँ आपल्या मूळच्याच नावाने नांदते आहे. आईच्या पिढीतल्या सुनांना जी मोकळीक मिळाली नाही, ती निदान वेलीला तरी मिळाली!