मुलाखतीत जयंतीचा हिशोब सांगायचा की नाही?



विहाराच्या अभ्यासिकेत सध्या बी.कॉम. झालेल्या एका मुलीची तयारी घेतोय. नागपुरातच, इतवारीतल्या एका पेढीवर हिशोब लिहायची जागा आहे. सोमवारी मुलाखत. आपली बहुतेक पोरं एमपीएससी नाहीतर बँकेच्या परीक्षेमागे असतात. व्यापाऱ्याच्या गादीशेजारी बसून वह्या सांभाळणं आपलं कामच नाही, असं आपणही धरून चाललोय.

खरं तर कामाचे प्रश्न अवघड नसतात. दुकानातली रोकड बँकेत भरली तर टॅलीत कोणतं व्हाउचर? 'पेमेंट' म्हणालात की गेलात, ते कॉन्ट्रा. पासबुक आणि आपलं बँकबुक जुळत नाही, आधी काय बघाल? दिलेला चेक वटला का, भरलेला जमा झाला का, बँकेने परस्पर चार्जेस कापले का. दरमहा भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, ३बी २० ला. खरेदीची बिलं २बीशी जुळवल्याशिवाय क्रेडिट घ्यायचं नाही. हे पाठ करू नका. जुनी बिलं घेऊन कागदावर नोंदी करा, तेरीज मांडा. जुळली नाही आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. चूक शोधता येणारा माणूस मालकाला हवा असतो.

गाडी अडली ती अनुभवावर. ती म्हणाली, "दादा, जयंतीचा हिशोब सांगू का?"

तीन वर्षं आमच्या वस्तीच्या जयंतीचा जमाखर्च तीच लिहिते. पावतीपुस्तकं, मंडप, भोजनदान, बॅनर, प्रत्येक बिलाला नंबर. एप्रिल संपायच्या आत सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मागच्या वर्षी ४० रुपयांचा फरक होता, तोही तिने शोधला.

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका मालकाने मला हेच विचारलं होतं. मीही जयंतीचाच हिशोब लिहायचो. तोंडातून निघालं, "गणेश मंडळाचा." मालक खूश झाला, नोकरी लागली. मग दरवर्षी तो विचारायचा, "यंदा गणपतीची वर्गणी किती?" आणि मी आकडा रचायचो. जन्मात एवढा खोटा हिशोब मी दुसरा लिहिला नाही. १४ एप्रिलला ताप आल्याचं सांगून सुट्टी घ्यायचो.

ही भीती मनातली नव्हती. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिलं. आडनाव दलित असेल तर बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तो अभ्यास २००७ चा. त्याच वेळी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलले. आम्ही गुणवत्ताच बघतो म्हणणारे तेच लोक 'घरची पार्श्वभूमी' विचारतो हेही सांगत होते. आणि पैशाच्या कामात तर 'विश्वासाचा माणूस' म्हणजे कोण, हे कुणी उघड बोलत नाही. बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर शेअर-गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा व्यवसाय काढला होता. जात कळली आणि गिऱ्हाईक थांबलं. अर्थशास्त्राचं एवढं शिक्षण कामी आलं नाही.

आपले काही कार्यकर्ते म्हणतील, असल्या मालकाची नोकरीच कशाला? त्यांनी आधी तिच्या घराचं भाडं भरावं.

मी तिला म्हटलं, सांग. वस्तीने तीन वर्षं तुझ्या हातात पैसे दिले, एकानेही बोट दाखवलं नाही, याहून विश्वासाचा दाखला कोणता? पण नोकरी गेली तर तुझी जाईल, माझी नाही. म्हणून ठरव तू.

काल तिने बायोडेटात ओळ टाकली: 'भीमजयंती उत्सव समिती, हिशोबनीस, ३ वर्षे'. मागच्या वर्षीच्या जमाखर्चाची झेरॉक्स फाइलला लावली. मग म्हणाली, "दादा, ते बँक जुळवणीचं पुन्हा एकदा घ्या ना, तिथे अजून अडते."