भयाचे भागीदार

काशीविषयी दूरस्थांची सर्वसाधारण समजूत अशी असते की, येथे मनुष्य येतो तो आयुष्याचा हिशेब चुकता करण्यासाठी. परंतु दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा यांच्या उतरत्या पायऱ्यांवर ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हां काशीकर मराठी मंडळींना हे नगर प्रथम भेटले ते मेळ्यांचे नगर म्हणून. ‘सात वार, नौ त्योहार’ ही येथली म्हण अक्षरशः खरी वाटावी अशी इथल्या वर्षाची मांडणी आहे: आषाढात रथयात्रा, श्रावणात दुर्गाकुंडाचा आणि सारनाथचा मेळा, भाद्रपदात लोलार्क छठ, आश्विनात रामनगरची रामलीला आणि नाटी इमलीचा भरतमिलाप, कार्तिकात तुलसीघाटावरची नागनथैया. यांतल्या कित्येक मेळ्यांत, दर्शनाची रांग संपून खेळण्यांची आणि मिठायांची दुकाने सुरू होत तेथे, एक लाकडी चरखी उभी असे. माझ्या जन्मभराच्या एका छंदाचा उगम त्या चरखीत आहे. आणि तो छंद माझ्या एकट्याच्या मालकीचा कधीच नव्हता, तो आरंभापासून माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, भागीदारीत चालत आला.

आषाढ शुद्ध द्वितीयेपासून तीन दिवस चालणाऱ्या रथयात्रेच्या मेळ्यात नानखटाईचा तुपकट गंध दरवळत असे, पावसाने रस्ता निसरडा झालेला असे, आणि गर्दीच्या मध्यभागी जगन्नाथाचा रथ उभा असे, ज्यात देव एकटा बसत नाही, तर बलभद्र आणि सुभद्रा या भावंडांसह बसतो. मुलीच्या जातीने चरखीत बसू नये असा आमच्या आजीचा दंडक होता. त्यावर दहा-अकरा वर्षांच्या अक्काने तिला जो जबाब दिला तो आमच्या घरात पुढे कैक वर्षे सांगितला जात असे. ती म्हणाली, “देव बहिणीला घेऊन रथात बसतो, मग मी भावाला घेऊन चरखीत बसले तर काय बिघडले?” आजी निरुत्तर झाली आणि वडिलांनी हसून परवानगी दिली.

जमिनीत पुरलेले दोन जाडजूड खांब, त्यांवर तेल पाजून काळाभोर झालेला लाकडी आस, आसाभोवती चार डोल्या, आणि हातांनी रेटून ते सारे फिरवणारे दोन घामाघूम गडी, एवढाच त्या यंत्राचा संसार होता. डोली वर जाऊ लागली की खालचा कोलाहल हळूहळू विरळ होई आणि छपरांच्या वर पावसाळी आभाळ एकदम मोकळे होई. मग शिखरावर क्षणभर थबकून ती खाली झेपावली की पोटात जो खड्डा पडे, त्याने माझा धीर पुरता सुटत असे. मी डोळे घट्ट मिटून घेई. अक्का माझे मनगट धरून, वाऱ्यात मोठ्याने ओरडून सांगे, “अरे बाळ, डोळे मिटू नकोस! मिटलेस तर नुसती भीती उरेल, उघडे ठेवलेस तर मेळाही दिसेल.” या एका उपदेशावर आमचा छंद पुढे अर्धशतकाहून अधिक काळ उभा राहिला.

हातांनी फिरवायच्या या चक्राची वंशावळ फार जुनी आहे, आणि तिच्या एका पुराव्याचा धागा चमत्कारिक रीतीने काशीशी येऊन मिळतो. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२० साली तुर्कांच्या मुलखातून परतताना, आज बल्गेरियात असलेल्या फिलिपोपोलिस शहरी, उत्सवप्रसंगी लोकांना बसवून फिरवली जाणारी लाकडी चक्रे पाहता झाला आणि त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हाच मंडी पुढे १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना काशीत उतरला आणि येथल्या विश्वेश्वराच्या देवळाचीही हकीकत त्याने नोंदवली. पुढे १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने सुमारे ८० मीटर उंचीचे लोखंडी चक्र उभारले आणि आपला आजचा आकाशपाळणा जन्माला आला. परंतु माणसाने हौसेने उंच जावे आणि हौसेने खाली पडावे, ही वासना लोखंडाच्या आणि वाफेच्या कितीतरी आधीची आहे.

ही पडण्याची हौस मुळात येते कोठून, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आपल्या कानाच्या अंतर्भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्याशेजारी सूक्ष्म खड्यांची एक संवेदनशील योजना असते. वळणाची, झोक्याची आणि उताराची वर्दी मेंदूला देण्याचे काम त्यांचे. आसन आणि आपण एकाच वेगाने खाली पडू लागलो की आसनाचा आधार देहाला जाणवेनासा होतो, ज्याला आपण वजन म्हणतो ते नाहीसे झाल्यासारखे वाटते, आणि शरीर आपत्तीची दवंडी पिटू लागते; हृदय धावते, तळवे ओले होतात. मात्र त्याच वेळी बुद्धी खातरजमा करून सांगत असते की, आपण सुरक्षित आहोत. शरीराची तक्रार आणि बुद्धीचा दिलासा यांची ही झटापट संपते तेव्हा जो उल्हास उसळतो, तो या खेळाचा प्राण होय. त्यातही माझा अनुभव असा की, एकट्याने बसल्यास ही झटापट केवळ निभावली जाते. शेजारी आपले माणूस असेल तरच तिचा उत्सव होतो.

याची साक्ष मला काशीनेच दिली. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुलसीघाटावर नागनथैया होते. तिचा आरंभ तुलसीदासांकडून झाला असे परंपरा सांगते. गंगेच्या काठावर कदंबाची फांदी रोवलेली असते, पाण्यात नावांची दाटी आणि पायऱ्यांवर माणसांचा समुद्र असतो, काशीनरेश आपल्या नावेतून उपस्थित असतात, आणि कृष्णाचे सोंग घेतलेला एक लहान मुलगा त्या फांदीवर चढतो. तो थांबलेला असतो तोवर सारा घाट श्वास रोखून थांबतो. मग तो चेंडूच्या निमित्ताने गंगेत उडी घेतो, आणि काही क्षणांनी कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो, तेव्हा ‘हर हर महादेव’चा जो गजर उठतो त्यात स्वतःचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. उडी एकाने घेतली, भय मात्र हजारोंनी वाटून घेतले, आणि म्हणून आनंदही हजारोंच्या वाट्याला आला. अक्का माहेरपणाला येई ती बहुधा याच सुमारास येई, आणि त्या क्षणी तिचा हात माझ्या मनगटावर चरखीतल्यासारखाच घट्ट असे.

अक्काचे सासर गिरगावात. १९८४ साली दिल्लीच्या प्रगती मैदानावर अप्पूघर हे करमणुकीचे उद्यान सुरू झाले, आदल्याच आशियाई क्रीडास्पर्धांच्या शुभंकर हत्तीच्या नावाने, तेव्हा ते पाहून मी तिला सविस्तर पत्र लिहिले होते; १९८९ साली गोराई येथे एस्सेलवर्ल्ड उघडले, तेव्हा तिचे टपालाने बोलावणे आले, “मुंबईस ये, आता चरखीला वडीलबंधू भेटला आहे.” खाडी ओलांडून नावेतून करमणुकीच्या उद्यानाला जाणे हा काशीकराला फार परिचित वाटणारा प्रवास होता. भावोजींना या प्रकाराची बिलकूल आवड नव्हती. ते थर्मास आणि डबे सांभाळत सावलीत बसत, आणि मुलांना घेऊन आम्ही दोघे रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहत असू.

रांगेत उभे असताना वर पाहून त्या यंत्राचे शास्त्र समजून घेण्याचा नाद मला तेथे लागला. सामान्यतः रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या, सर्वांत उंच चढावर ओढून नेते. त्या वेळी जी खटखट ऐकू येते ती साखळीची नसून, गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांच्या पट्टीवर एकामागून एक पडत जाणाऱ्या खिटीची असते, म्हणजे जो आवाज ऐकून माणसे घाबरतात तोच त्यांच्या सुरक्षिततेचा हवाला देत असतो. शिखरावर पोचल्यावर उंचीची पुंजी वेगाच्या रूपाने खर्ची पडू लागते, घर्षण तिच्यातून आपला कर वसूल करीत राहते, आणि म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही. चाकांचे तीन संच असतात: एक रुळावर धावणारा, दुसरा बाजूने धरणारा, आणि तिसरा रुळाच्या खालून मिठी मारणारा. या तिसऱ्या चाकाची तजवीज जॉन मिलर नावाच्या अमेरिकन कारागिराच्या १९१९ च्या पेटंटाने रूढ केली, आणि गाडी रुळावरून उडण्याचे भय त्यामुळे निकालात निघाल्यावरच उभे उतार आणि तीव्र वळणे यांना मुभा मिळाली.

रशियात हिवाळ्यात बर्फाने मढवलेल्या लाकडी उतारांवरून घसरण्याचा खेळ, १८१७ साली पॅरिसमध्ये चाके लावून आलेली त्याची आवृत्ती, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला कोळसा उतरवण्यासाठी १८२७ साली घातलेला आणि पुढे हौशी प्रवाशांनी भरून गेलेला लोहमार्ग, आणि १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत बसवणारी, ताशी जेमतेम सहा मैल चालणारी थॉम्पसनची गाडी, अशा टप्प्यांनी हे यंत्र घडत आले. गाडीने उभे वर्तुळ फिरावे म्हणून १८९५ साली कोनी आयलंडवर पूर्ण गोलाकार कडे बांधले गेले, पण त्याने प्रवाशांच्या मानेला असह्य हिसके बसत. १९७६ साली कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने खाली रुंद आणि वर निमुळते असे, अश्रुबिंदूच्या आकाराचे कडे योजले, तेव्हा कोठे तो प्रकार सुखावह झाला. मानेच्या एका हिसक्यापासून माणसाला वाचवण्यासाठी भूमितीच्या एका वक्राचा इतक्या निष्ठेने पाठपुरावा होतो, ही गोष्ट मला आजही सद्गदित करते.

खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडले, आणि तेथल्या ‘नायट्रो’ या सुमारे ४० मीटर उंचीच्या, प्रवाशाला पाच वेळा उलटे करणाऱ्या कोस्टरपुढे आम्ही उभे राहिलो तेव्हा अक्काचे केस पांढरे झाले होते. त्या गाडीला तळ नाही; पाय अधांतरी लोंबतात, म्हणून चपला उतरवून ठेवाव्या लागतात. खांद्यांवरून आलेला जाड पट्टा सेवकाने ओढून पाहिला, अंगठा वर करून इशारा केला, आणि आमच्या पायांखालची फरशी सरकून गेली. चढावर अक्का काही बोलली नाही. शिखरापाशी, सह्याद्रीची रांग समोर दिसत असताना, तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली, “बाळ, डोळे उघडे ना?” पुढचे मला शब्दांत सांगता येत नाही, एवढे सांगतो की डोळे उघडे होते, आणि डोंगर, आभाळ, रूळ अशी सारी सृष्टी जागा बदलत असताना माझ्या मनगटावरची पकड तेवढी स्थिर होती.

पुढे तिच्या हृदयाचा विकार उद्भवला आणि अशा गाड्यांवर बसण्यास वैद्यकीय मनाई झाली. भागीदारी आता मोडली असे मला वाटले होते. परंतु अक्काने भागीदारीचे स्वरूपच पालटून टाकले. कोलकात्याच्या निक्को पार्कमध्ये २००३ पासून एक लाकडी कोस्टर आहे. त्यावर मी तिच्या नातीला घेऊन बसलो, तेव्हा अक्का खाली कठड्याशी आमच्या चपला आणि चष्मे घेऊन उभी होती. उतरून आलो तो तिचा श्वास आमच्याहून अधिक लागलेला. नात थरथरत हसत होती, आणि अक्का तिला विचारीत होती की सर्वांत उंच जागेवरून काय काय दिसले. तुलसीघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून त्या मुलाची उडी पाहणारा समुदाय जे करतो, तेच ती करीत होती: स्वतः न पडता दुसऱ्याच्या पडण्यात सामील होत होती.

या छंदात आणखीही भागीदार असतात, आणि त्यांची आठवण ठेवणे मी कर्तव्य मानतो. चांगल्या उद्यानात सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ मार्गाची पाहणी करतात, बोल्ट आणि चाके तपासतात, रिकाम्या गाड्या फिरवून पाहतात आणि तपासणीच्या दप्तरात सही करतात. त्या सहीच्या भरवशावर आपण आपली लेकरे आसनावर बसवतो. गावोगावच्या मेळ्यांत उभ्या राहणाऱ्या पाळण्यांनाही हाच कडक नियम तंतोतंत लागू झाला पाहिजे, कारण गरिबाच्या मुलाची हौस कमी मोलाची नाही आणि त्याचे हाडही कमी नाजूक नाही. अप्पूघर २००८ साली बंद झाले, एस्सेलवर्ल्डचे दरवाजे २०२२ साली मिटले. जमिनीचे भाव वाढले की करमणुकीच्या जागा आधी ओस पडतात, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्याला लोक पोरकट ठरवतात. मला ते मान्य नाही. ज्या समाजात माणसे एकत्र येऊन, स्वखुशीने आणि निर्धोकपणे घाबरू शकतात, त्या समाजातली मुले पुढे अनिच्छेने वाट्याला येणाऱ्या भयाच्या वेळीही एकमेकांचा हात शोधायला शिकतात. पूल आणि दवाखाना यांच्याइतक्याच गांभीर्याने नगरपालिकेने पाळणा उभारावा, त्याची निगा राखावी आणि त्याची नोंद ठेवावी; बाकीची जबाबदारी घराघरांतल्या अक्का सांभाळतील.